फॉल

साडीला फॉल आतून लावतात.
दिसला, तर शिवणारी कच्ची.
पदराचं कौतुक होतं, काठाचं होतं,
पण बसच्या पायरीवर, ओल्या जिन्यावर
टाचेखाली येतो तो फॉल.
काठ त्याच्या जिवावर टिकतो.

मी दांडेकर पुलाजवळ राहते, पिको-फॉल करते.
तुळशीबागेतून गठ्ठा येतो,
साडीमागे पस्तीस रुपये, दोरा माझा.
नवरा फरशीला पॉलिश करतो.
बाणेर, कोथरूड, लोकांच्या हॉलमध्ये
पंखा उलटा दिसेल इतकी चमक आणतो.

गेल्या चैत्रात मशीन चालू ठेवूनच तो खाली बसला.
डाव्या हातात कळ, शर्ट घामानं चिंब,
आणि म्हणतो काय, तर पित्त झालंय.

काचेच्या दाराच्या दवाखान्यात
काउंटरवरची बाई गोड बोलली.
आधी पन्नास भरा, म्हणाली.
पन्नास म्हणजे पन्नास हजार.
तिथं हजार म्हणायची पद्धत नाही.

मला ही भाषा येते.
वडिलांच्या वेळी आकडा वीस होता.
त्या विसात आईची शिलाई मशीन गेली,
माझी दहावी गेली,
आणि वडील, ते तर गेलेच.
मशीन ज्यांनी घेतली
त्यांच्या दारावरून मी सात वर्षं पाण्याला जायचे.
आतून आवाज यायचा. टक टक टक टक.

रिक्षावाला मागं वळून म्हणाला,
ताई, पिवळं का केशरी?
मला वाटलं, साडीचं विचारतोय.
रेशनकार्डाचं विचारत होता.
केशरी, म्हटलं.
त्यानं रिक्षा ससूनकडे वळवली.

तिथल्या टेबलावर एक पोरगी होती, मेहजबीन.
अंगठा लावा, म्हणाली.
लावला. जुळेना.
पुसून लावला, जुळेना.
दुसऱ्यांच्या फरश्या घासता घासता
त्याच्या स्वतःच्या रेघा गुळगुळीत झालेल्या.
बावीस वर्षांचं पॉलिश होतं ते.
मग डोळ्यासमोर यंत्र धरलं,
आणि डोळ्यावरून सरकारनं ओळखलं,
हाच तो भागवत सोपान खिलारे.

मंजुरी आली पावणेदहाला.
मेहजबीनची ड्युटी सहालाच संपली होती.

सगळं फुकटात झालं म्हणाल, तर नाही.
रिक्षा, चहा, बाहेरून आणलेलं एक इंजेक्शन,
दीड महिन्याची बुडालेली मजुरी,
यातलं काही कुठल्या पॅकेजात बसत नाही.
आणि शेजारच्या खाटेवरची बाई,
तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं,
सासरच्या कार्डात चढलेलं नव्हतं.
मधल्या मधेच आजारी पडली.
तिचा मुलगा जिन्यात उभा राहून
मोबाईलचे किती येतील, विचारत होता कुणाला तरी.
मला माझ्या मंजुरीची लाज वाटली.
नंतर वाटलं, लाज कसली?
तिलाही मिळायला हवी होती, एवढंच.

आता मशीन आहे तिथंच आहे,
खिडकीशी, तेल घातलेलं.
पोरगी नववीत आहे. गणितात कच्ची आहे.
तिला रागावायला मिळतं मला, हे काय थोडं आहे?

काल एक गिऱ्हाईक दारात आलं,
थेट घरी. दुकानापेक्षा स्वस्त पडतं म्हणून.
एवढ्याशा पट्टीला सत्तर?
दिसत तर काही नाही बाहेरून.
सुई माझ्या दातात होती.
मी नुसती मान हलवली.

तो कॉटवर पडून होता, उजेडाकडे अंगठा धरून.
अगं, म्हणाला, बघ,
काम बंद आहे ना,
रेघा परत यायला लागल्यात.